आधी निवडा, मग वाढा!

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे एक गाव आहे. आमच्या शहरी वाचकांपैकी कित्येकांनी त्याचे नावही ऐकले नसेल. परंतु पौष महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे ज्या गावाकडे वाहू लागतात, तेच हे गाव! शुकदास महाराजांनी उभारलेला विवेकानंद आश्रम येथे आहे. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीचा उत्सव येथे भरतो आणि उत्सवाच्या अखेरीस पंगत बसते. पंगत म्हणजे दोन-चारशे पानांची नव्हे! लाखो माणसे उघड्या रानात ओळींनी मातीवर बसतात आणि त्या ओळींमधून ट्रॅक्टर फिरत पुरी आणि वांग्याची भाजी वाढत जातात. राव आणि रंक, शेतकरी आणि शेतमजूर एकाच ओळीत बसून तो प्रसाद घेतात.

एवढ्या माणसांच्या मुखी अन्न घालावयाचे म्हणजे जबाबदारी केवढी! घरच्या चुलीवर एखादे किडके वांगे नजरचुकीने कढईत पडले, तर फार झाले चार माणसांची तोंडे वाकडी होतील. पण लाखांच्या पंगतीत अन्न नासके निघाले, तर त्याचा परिणाम काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी! म्हणून गहू आधी निवडावा लागतो, भाजी आधी पारखावी लागते आणि मगच वाढप्याच्या हाती पात्र द्यावे लागते. आधी निवडा, मग वाढा! हा पंगतीचा पहिला नियम आहे. आमच्या आयाबायांना तो कोणत्याही विद्यापीठाने शिकविलेला नाही. दारात सूप घेऊन बसणाऱ्या निरक्षर आजीलाही तो ठाऊक आहे.

पण आज आमच्या देशात दुसरी एक पंगत अष्टौप्रहर चालू आहे आणि तिला हा नियम मुळीच ठाऊक नाही. ती पंगत माहितीची आहे. तळहाताएवढ्या मोबाइलवर सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री डोळे मिटेपर्यंत ती वाढली जाते. हिच्यात जेवणारा प्रत्येक जण वाढपीही आहे. पानात पडलेला घास स्वतः गिळण्याच्या आधीच तो शेजारच्या पन्नास पानांत वाढून मोकळा होतो! गहू कोणी पिकविला, कोणी दळला, कोणी त्यात खडे मिसळले, याची चौकशी करणारा कोणी नाही. आणि या पंगतीच्या पहिल्या ओळीत कोण बसले आहे? आमची शाळकरी मुले!

या निष्काळजीपणाची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने रक्ताने मोजले आहे. १ जुलै २०१८ हा दिवस आम्ही विसरू म्हणता विसरता येणार नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी त्या दिवशी आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून पोटासाठी भटकत आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकरी त्या बाजारात आले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, ही आवई मोबाइलवरून आधीच घरोघर पोचली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारले. त्यांचा अपराध काय? ते परके होते, गरीब होते आणि एका लहान मुलीशी बोलले होते! पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांचा जमावाने बळी घेतला. तेथेही चोर-दरोडेखोरांच्या अफवांनीच माणसांची डोकी आधी पेटविली होती.

त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची हकीगत मोठी उद्बोधक आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तिच्यात दिसत होते. लोकांनी ते ‘डोळ्यांनी पाहिले’! वास्तविक ती फीत पाकिस्तानातील कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. शेवटी मोटारसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि फलक धरून बोध देतात. कोणा दुष्टाने तेवढा शेवटच कापून टाकला! पाहिले ते खरे होते, पण पुरते नव्हते. अर्धे सत्य हे पूर्ण असत्यापेक्षा अधिक घातक कसे असते, याचे याहून भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास भारतात मज्जाव केला. ठीकच झाले. परंतु वाढप्याच्या हातातला डाव लहान केल्याने भाजीतली कीड निघून जाते काय?

कीड निवडण्याची दृष्टी लागते आणि ती दृष्टी शिकवावी लागते. आमचे आजचे मागणे एवढेच आहे, पण ते आम्ही गर्जून मागतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत, सहावीपासून दहावीपर्यंत, मोबाइलवर येणाऱ्या माहितीचा खरेखोटेपणा पारखण्याचे शिक्षण नियमाने, आठवड्याच्या वेळापत्रकात तास राखून, वर्षानुवर्षे दिले गेले पाहिजे! वर्षातून एकदा पाहुणा बोलावून, हार घालून, तासाभराचे व्याख्यान ठेवून आणि त्याचे छायाचित्र काढून हे काम होणार नाही.

हे मागणे आम्ही हिवरा आश्रमाचे नाव घेऊन करतो, याला कारण आहे. त्या गावाने ज्या महापुरुषाचा उत्सव मांडला, त्याच्या नावातच ‘विवेक’ आहे. विवेक म्हणजे काय? नीर आणि क्षीर, सत्य आणि असत्य, नित्य आणि अनित्य वेगळे करण्याची शक्ती. नरेंद्राच्या तरुणपणाची एक गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. रामकृष्ण परमहंसांना द्रव्याचा स्पर्श सहन होत नाही, असे नरेंद्राने ऐकले होते. ऐकले म्हणून त्याने मानले नाही! परमहंसांच्या नकळत त्याने त्यांच्या अंथरुणाखाली एक रुपया ठेवून दिला. परमहंस अंथरुणावर टेकताच वेदनेने चटकन उठले. परीक्षा कोणी घेतली, हे कळल्यावर ते रागावले काय? मुळीच नाही. उलट, शिष्याने आपल्याला पारखून घेतले याचा त्यांना आनंदच झाला. साक्षात गुरूला पारखून घेणाऱ्या शिष्याच्या नावाने आम्ही उत्सव करावे आणि कोणा अनामिकाने धाडलेला मजकूर मात्र न पारखता शिरोधार्य मानावा, हा कोठला न्याय?

विवेक शिकविण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांना लांब जावयासही नको. मेहकरच्या शेजारचाच तालुका लोणारचा. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात कोरले गेलेले तेथील खाऱ्या पाण्याचे सरोवर जगप्रसिद्ध आहे. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, त्या सरोवराचे पाणी बघता बघता गुलाबी झाले. आधीच महामारीने माणसे भेदरलेली, त्यात हे आक्रीत! लवणासुराच्या पुराणकथेला नवा रंग चढण्यास कितीसा वेळ लागणार? परंतु वनखात्याने पाण्याचे नमुने घेतले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नात लक्ष घातले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून क्षार वाढले होते. अशा खारट पाण्यात ‘हॅलोआर्किया’ नावाचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजतात आणि त्यांच्या अंगी असलेल्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसते, असा निर्वाळा त्या संस्थेने दिला. नमुन्यातले सूक्ष्मजीव तळाशी बसले, तेव्हा वरचे पाणी निवळ झाले! प्रारंभी काही जाणकारांनी शेवाळाचा तर्क केला होता. तपासणीअंती तो बाजूला पडला आणि त्यात कोणी कमीपणा मानला नाही. पुराव्यापुढे मत बदलणे हा शास्त्राचा पराभव नव्हे. तोच त्याचा पराक्रम आहे. हे एवढे जरी आमच्या मुलांना कळले, तरी अर्धे शिक्षण झाले!

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांतल्या लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. काही दिवसांत डोक्याला टक्कल! बाया-माणसे, मुले हवालदिल झाली. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी बुरशीला, कोणी विषाणूला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावात आले. पुढे विंचूदंशावरील संशोधनामुळे विख्यात झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीच्या आधारे रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखविले. या प्रकरणाने एक फार मोठा धडा दिला आहे. गव्हातला खडा डोळ्यांना दिसतो, तो हाताने निवडता येतो. गव्हातले सेलेनियम डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतच जावे लागते. माहितीचेही तसेच आहे. काही खोटेपणा नुसत्या सावधपणाने उघडा पडतो, पण काही गोष्टींचा निवाडा आपल्या अकलेने करण्याजोगा नसतो. तेथे कोणाकडे जावयाचे, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत ‘मला अजून ठाऊक नाही’ असे धीराने कसे म्हणावयाचे, हे शिकणे म्हणजेच शिक्षण! आमच्या शाळांत उत्तर न येणाऱ्या मुलाला बाकावर उभे करण्याची रीत होती. ‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारण्याची रीत कोणी पाडील काय?

आता कोणी विचारील की, हे शिकवावयाचे तरी कसे? यात गूढ असे काही नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा इतिहासतज्ज्ञ, त्याच विद्यापीठातले पंचवीस विद्यार्थी आणि बातम्यांचा खरेपणा तपासण्याचाच व्यवसाय करणारे दहा जण, अशा पंचेचाळीस माणसांपुढे त्यांनी काही संकेतस्थळे ठेविली आणि कोणावर विश्वास ठेवाल, असे विचारले. विद्वान इतिहासतज्ज्ञ आणि हुशार विद्यार्थी समोरचे पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचीत बसले आणि सुबक मांडणीला, भारदस्त नावाला, रुबाबदार बोधचिन्हाला पुष्कळसे फसले! व्यावसायिक तपासनीसांनी काय केले? त्यांनी ते पान क्षणभर पाहिले आणि सोडून दिले. ‘हे लिहिणारा कोण? त्याच्याविषयी इतर काय म्हणतात?’ याचा शोध ते बाहेर घेऊ लागले आणि थोड्या वेळात अचूक निर्णयाला पोचले.

यात आमच्या शेतकऱ्याला नवे ते काय वाटणार? बाजारात बैल घ्यावयाला गेलेला शहाणा कुणबी विकणाऱ्याच्या तोंडून बैलाची स्तुती ऐकत बसत नाही. तो आधी विकणाऱ्याच्या गावच्या माणसाला गाठतो! सोयरीक जुळविताना मुलीचा बाप मुलाच्या घरच्यांचे गोड बोलणे ऐकून घेतो, पण चौकशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करतो. हेच व्यवहारज्ञान मोबाइलच्या पडद्यापुढे बसताच कोठे नाहीसे होते? मुलांना तीन प्रश्न शिकवा. हे सांगतो कोण? त्याला कसे कळले? आणि दुसरे भरवशाचे कोणी हेच सांगते काय? जो मजकूर वाचताच रक्त उसळते, जो ‘ताबडतोब सर्वांना पाठवा’ म्हणून डोळे वटारतो, त्याच्यापाशी दुप्पट थांबावयास शिकवा. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी न घडलेल्या प्रसंगाचे चित्र आणि न उच्चारलेल्या शब्दांचा आवाज घडविता येतो. ‘मी डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले’ ही साक्ष आता एकटी पुरेशी नाही. चित्राचे मूळ शोधणे, बातमीची तारीख पाहणे, सरकारी योजनेच्या वा शिष्यवृत्तीच्या नावाने आलेला दुवा दाबण्यापूर्वी तो खरोखर शासनाचा आहे की नाही हे ताडून घेणे, ही कामे त्रैराशिकाइतकीच सरावाची आहेत. त्रैराशिक एका व्याख्यानात येते काय?

नाही, येत नाही. आणि याचा पुरावाही आता हाती आला आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास बिहारमध्ये सुमारे बाराशे लोकांना एक तासभर समजावून सांगून खोट्या बातम्या ओळखण्याची त्यांची शक्ती वाढते का, हे पाहण्यात आले. एकंदरीत काहीही फरक पडला नाही! तेव्हा निराशावाद्यांनी माना डोलविल्या असतील. परंतु पुढे त्याच बिहारमध्ये ५८३ खेड्यांतल्या तेरा हजारांहून अधिक मुलामुलींवर दुसरा प्रयोग झाला. निम्म्या मुलांना चौदा आठवड्यांत चार वर्ग घेऊन हे शिक्षण पद्धतशीर देण्यात आले. ती मुले खरे-खोटे अधिक चांगले पारखू लागली, काही महिन्यांनंतरही ती विद्या त्यांच्यापाशी टिकली आणि त्यांच्या आईबापांपर्यंतही थोडीफार पोचली. त्याआधी केरळच्या कण्णूर जिल्ह्यात २०१८ साली ‘सत्यमेव जयते’ या नावाने दीडशे सरकारी शाळांत असे वर्ग घेण्यात आले होते. जे कण्णूरला सुचले, बिहारच्या खेड्यांना साधले, ते ज्योतिबांच्या आणि आगरकरांच्या महाराष्ट्राला का साधू नये? बाळशास्त्र्यांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढून ज्या भूमीत पहिले मराठी वृत्तपत्र जन्माला घातले, त्या भूमीने या कामात मागच्या बाकावर बसावे, याची आम्हांस लाज वाटते.

यावर आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. शिक्षक म्हणतील, ‘जनगणना आम्ही करावयाची, निवडणुका आम्ही पार पाडावयाच्या, खिचडीचा हिशेब आम्ही ठेवावयाचा, आणि आता हे नवे ओझे!’ त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. म्हणूनच हा विषय त्यांच्या डोक्यावर आणखी एक गाठोडे म्हणून लादू नका. आधीची निरर्थक गाठोडी खाली उतरवा, त्यांना प्रशिक्षण द्या, मराठीत चांगली सामग्री द्या आणि मग हे काम सांगा. दुसरे कोणी म्हणतील, ‘मुले संशयखोर होतील, आईबापांचेही ऐकणार नाहीत.’ हा आक्षेप गंभीर आहे. कशावरच विश्वास न ठेवणारा मनुष्य हा सर्वांवर विश्वास ठेवणाऱ्याइतकाच आंधळा! खऱ्या लसीलाही तो कारस्थान समजतो. पण निवडणे म्हणजे सगळाच गहू उकिरड्यावर फेकणे नव्हे. खडा बाजूला काढावयाचा तो गहू खाता यावा म्हणूनच ना? विश्वास कोठे ठेवावा, हे कळणे हाच पारखीचा हेतू आहे.

तिसरे सांगतील, ‘खरेखोटे सरकारच ठरवील, मुलांना कशाला ही उठाठेव?’ त्यांना आम्ही मुंबई उच्च न्यायालयाचा दाखला देतो. केंद्र सरकारने २०२३ साली नियम दुरुस्त करून आपल्याच कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी, हे ठरविण्यासाठी स्वतःचा सत्यशोधन कक्ष नेमण्याचा अधिकार घेतला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. आरोपी आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत बसू शकत नाहीत! लोकशाहीत सत्याचा ठेका कोणा एका मंत्रालयाकडे देता येत नाही. तो आम्हां वृत्तपत्रांकडेही देता येत नाही. आम्हीही माणसेच आहोत, आमच्याही हातून चुका होतात, घाई होते. हा अग्रलेखसुद्धा वाचकांच्या मुलांनी पारखून घ्यावा, यातली प्रत्येक तारीख आणि प्रत्येक आकडा ताडून पाहावा, अशी आमची त्यांना मनापासून विनंती आहे. त्यात एकही चूक त्यांनी काढली, तर आम्हांस रागापेक्षा आनंदच अधिक होईल!

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारांचा आणि डिजिटल साक्षरतेचा उच्चार आहे. कागदावरचा उच्चार वर्गातल्या फळ्यापर्यंत कधी येणार? पुण्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि बालभारती यांनी एकत्र बसावे आणि महाराष्ट्राच्याच मातीतली उदाहरणे घेऊन पुस्तिका सिद्ध कराव्यात. लोणारच्या गुलाबी पाण्याचा धडा असावा, शेगावच्या केसगळतीचा असावा आणि मन घट्ट करून राईनपाड्याचाही असावा. आणि या कामाचा नारळ फोडावयाचाच असेल, तर तो मंत्रालयाच्या दालनात फोडू नका. हिवरा आश्रमासारख्या गावात फोडा! तेथे शाळा आहेत, कृषी महाविद्यालय आहे, वर्षातून एकदा लाखोंचा समुदाय आहे आणि विवेकाच्या नावाने उभी असलेली संस्था आहे. पंगतीत बसणाऱ्या प्रत्येक घरात एक तरी शाळकरी मूल असेल. त्या मुलाने आपल्या आजोबांचा मोबाइल हाती घेऊन ‘आबा, हे पुढे पाठवू नका, आधी पाहू या’ एवढे म्हटले, तरी राईनपाड्यासारखा एखादा बाजार शांतपणे उठेल आणि कोणी पाच परके भिक्षेकरी आपल्या लेकरांकडे जिवंत परत जातील.

पाच जीव! या शिक्षणाचे मोल विचारणाऱ्यांना आमचे एवढेच उत्तर आहे. सरकारला परवडते की नाही, हे सरकारने पाहावे. न देणे महाराष्ट्राला परवडणारे नाही, हे आम्ही आजच सांगून ठेवतो. आजीच्या हातातले सूप नातवाच्या हाती द्या. आधी निवडा, मग वाढा!